कॅमेरेवाले फोटो घेऊन जातात. गोट्यांच्या गोलाची नोंद गावाकडे आहे का?

दिवाळी आटोपली, सोयाबीन घरात आलं, कपाशीचा वेचा सुरू झाला, की काटोल रोडच्या गावांत आणि हिंगणा, पारशिवनीच्या शिवारात रविवारी अनोळखी गाड्या दिसायला लागतात. गळ्यात कॅमेरा, पाठीवर बॅग, हातात मोबाइलचा नकाशा. पांदणीवर उभ्या असलेल्या माणसाला एकच प्रश्न, "भाऊ, ते स्टोन सर्कल कुठं आहे?" भाऊ हात दाखवतो, "ते काय, पलीकडच्या पडीत. गोटेच गोटे आहेत." गाडी पुढे जाते, दोन तासांनी परत जाते. फोटो नागपूर, पुणे, कधी परदेशातही पोचतात. गावात राहतात पाण्याच्या बाटल्या आणि कधी कधी तुडवलेली तूर.

यात येणाऱ्याचा सगळा दोष आहे असं नाही आणि गावाचाही नाही. खरा प्रश्न असा, की ही सहल ठरवताना गावाला कोणी विचारात घेत नाही आणि गावानेही स्वतःची काही तयारी केलेली नाही. त्याहून मोठा प्रश्न पुढचा. हे गोटे हळूहळू नाहीसे होत आहेत, आणि उद्या एखादा गोल गेला तर तो कसा होता हे सांगणारा एकही फोटो ग्रामपंचायतीच्या कपाटात सापडणार नाही.

हे गोटे आहेत तरी काय?

गावात ज्यांना नुसते गोटे म्हणतात त्यांना अभ्यासक शिळावर्तुळं म्हणतात. मोठे काळे दगड गोलाकार मांडून मधे माती आणि बारीक गोट्यांचा ढीग केलेला असतो. लोखंड वापरायला शिकलेल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी केलेल्या या जागा आहेत. त्यांचा काळ ढोबळमानाने तीन हजार ते तेवीसशे वर्षांपूर्वीचा. म्हणजे रामटेकच्या मंदिरांपेक्षाही हे गोटे कितीतरी जुने आहेत.

विदर्भात, त्यातही नागपूर जिल्ह्यात, अशी वर्तुळं मोठ्या संख्येने आहेत. एकट्या जुनापाणीच्या परिसरात तीनशेच्या आसपास वर्तुळं असल्याचं नमूद आहे. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर लिहिलं. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी तिथे खोदकाम केलं. पुढे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथे काम केलं. माहुरझरीत घोडे पुरलेले सापडले, त्यांचे तांब्या-लोखंडाचे साज सापडले, रंगीत दगडांचे मणी सापडले. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. पेंचच्या काठावर तेव्हा लोखंड तयार होत होतं, ही आपल्या भागासाठी लहान गोष्ट नाही.

जुनापाणीच्या काही गोट्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. हे खळग्यांचे गोटे वर्तुळात ठरावीक दिशांनाच दिसतात, असं काही अभ्यासकांनी मोजून मांडलं आहे. त्याचा सूर्याशी, ऋतूंशी काही संबंध आहे का, यावर विचार झाला आहे. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला पाहिजे. सगळा अर्थ गोटा कुठे आहे यावर अवलंबून आहे. धुऱ्यावर रचायला गोटा दहा फूट बाजूला सरकवला, तर गोटा शाबूत राहतो, पण त्याने सांगायची गोष्ट संपते.

सहल ठरते कॅमेऱ्याच्या सोयीने

फोटोसाठी येणारा माणूस उजेड बघून दिवस ठरवतो. त्यात त्याची चूक नाही. दुपारी बारा वाजता हे गोटे सपाट, काळे दिसतात, खळगे तर दिसतच नाहीत. सूर्य खाली असला की उजेड तिरपा पडतो, प्रत्येक खळग्यात सावली भरते आणि गोटा बोलायला लागतो. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास बुडतो. म्हणून सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी चार ते साडेपाच हा फोटोवाल्यांचा खरा वेळ. पावसाळ्यात गवत कमरेएवढं असतं, मे महिन्यात ऊन उभं राहू देत नाही. राहतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

नेमकं त्याच वेळी वावर भरलेलं असतं. कपाशी वेचायला आलेली, तूर फुलावर किंवा शेंगेत, हरभरा पायाखाली येईल एवढाच वाढलेला. सगळीच वर्तुळं सरकारी पडीत किंवा झुडपी जंगलात नाहीत. काही वावरात आहेत, काहींकडे जायची वाट वावरातून जाते. फोटोत चांगला कोन मिळावा म्हणून माणूस चार पावलं मागे सरकतो. त्या चार पावलांत हरभऱ्याचं तास असतं.

त्यामुळे सहलीचं नियोजन हवामान आणि नकाशा बघून पुरं होत नाही. कोणत्या वावरात आता काय आहे, वाट कोणत्या धुऱ्यावरून आहे, पांदण गाडी जाण्याजोगी आहे का, हे मोबाइलचा नकाशा सांगत नाही. गावातला माणूस सांगतो. अगोदर एक फोन सरपंचाला किंवा ओळखीच्या कोणाला केला, तर दोघांचाही त्रास वाचतो.

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली गावचीच पोरं आता मित्रांना घेऊन येतात. त्यांनी तर हे आधी करायला पाहिजे. वावर काकाचं आहे म्हणून दहा जणांना घेऊन न सांगता शिरायचं, हे बरोबर नाही.

अंधारात शिरण्याचा धोका

काही जण सूर्योदय पकडायला पहाटे पाचलाच येतात. काही रात्री ताऱ्यांचे फोटो काढायला थांबतात. त्यात तीन धोके आहेत आणि ते शहरातल्या माणसाला माहीत नसतात.

पहिला धोका कुंपणाचा. रानडुकरांच्या त्रासाने शेतकरी मेटाकुटीला आला आहे. सोलर झटका मशीनचा झटका बसला तर माणूस दचकतो. पण काही ठिकाणी लाइनचा थेट करंट तारेत सोडला जातो. तो बेकायदेशीर आहे, त्याने माणसं मेली आहेत आणि असं करणाऱ्यावर गुन्हे दाखल होतात. अंधारात तार दिसत नाही. म्हणून उजाडल्याशिवाय वावरात पाय टाकायचा नाही, हा नियम येणाऱ्याने पाळावा. आणि करंट सोडायचाच नाही, हा नियम गावाने.

दुसरा धोका सापाचा. गोट्यांच्या फटी आणि वाळलेलं गवत ही घोणस, नागाची आवडती जागा आहे. फोटोसाठी गवतात लोळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बूट आणि काठी पाहिजेच.

तिसरा धोका गैरसमजाचा. शेतीची लाइन कित्येकदा रात्रीची असते. शेतकरी पाणी द्यायला वावरात असतो. मोटारीच्या केबल चोरीला जातात, म्हणून तो आधीच सावध असतो. अशा वेळी जुन्या गोट्यांजवळ टॉर्च घेऊन फिरणारे चार अनोळखी दिसले, तर गाव त्यांना चोर तरी समजेल नाहीतर गुप्तधनवाले तरी. रात्री थांबायचं असेल तर पोलीस पाटलांना आदल्या दिवशी सांगून ठेवणं सगळ्यांच्या हिताचं आहे.

गुप्तधनाचं निघालंच आहे तर स्पष्ट सांगितलेलं बरं. या वर्तुळांत सोन्याचे हंडे नसतात. शास्त्रीय खोदकामात मुख्यतः मातीची काळी-तांबडी भांडी, लोखंडी अवजारं, मणी, हाडं असंच निघालं आहे. बाजारात त्याला भाव नाही, अभ्यासात आहे. रात्री खड्डा खोदणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, पण तीन हजार वर्षांचा पुरावा एका रात्रीत मातीत जातो.

कायदा शेतकऱ्याला काय म्हणतो?

"पुरातत्त्ववाले आले म्हणजे वावर गेलं," ही भीती गावोगावी आहे. याच भीतीने काही जण गोटे गुपचूप काढून टाकतात. म्हणून कायदा नीट समजून घेतला पाहिजे.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा सगळ्या वर्तुळांना लागू नाही. जी जागा केंद्राने संरक्षित म्हणून जाहीर केली, तिलाच तो लागू होतो. नागपूर जिल्ह्यातल्या जुनापाणीसह अनेक ठिकाणची वर्तुळं त्या यादीत आहेत. बाकीची कितीतरी नाहीत. आपल्या शिवारातली जागा यादीत आहे की नाही, हे ऐकीव गोष्टीवर ठरवू नये. नागपुरातच पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय आहे, तिथे गट नंबर देऊन लेखी विचारता येतं.

संरक्षित हद्दीत खासगी जमीन असली तरी शेती बंद होत नाही. कायद्यात मालकाला लागवडीची मुभा आहे, फक्त खोदाई एक फुटापेक्षा जास्त नको. याचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत असा होतो. सोयाबीन, हरभरा, गहू पेरता येतो. वखर, डवरा चालतो. पण संत्र्याच्या कलमासाठी अडीच-तीन फुटांचा खड्डा, शेततळं, विहीर, ड्रिपच्या मेन लाइनचा खोल चर, मुरूम काढणं, यासाठी परवानगी लागते. म्हणजे धान्य चालतं, बगीचा अडतो. ज्या पट्ट्यात पैसा संत्र्यात आहे, तिथे हा फरक मोठा आहे आणि शेतकऱ्याची तक्रार तिथे खोटी नाही.

२०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येतं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दुसऱ्या बाजूने, सरकारच्या लोकांनी खोदकामासाठी वावरात शिरून नुकसान केलं तर भरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पहिली बाजू गावात सगळ्यांना माहीत असते, दुसरी कोणाला माहीत नसते.

वावरात काही जुनं सापडलं तर १८७८ चा गुप्तनिधीचा जुना कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. घरात नेऊन ठेवली तर सापडवणाराच अडकतो.

फोटोबाबतही थोडं. संरक्षित जागी हातातल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटो काढायला सहसा अडचण येत नाही. ट्रायपॉड लावायचा असेल, लग्नाचं किंवा जाहिरातीचं शूटिंग असेल, तर अगोदर परवानगी विचारावी. ड्रोनचं वेगळं आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल, पिवळे, हिरवे भाग ठरलेले आहेत आणि ते डिजिटल स्काय नकाशावर बघता येतात. नागपूरभोवती विमानतळ आहे, काटोल रोडला वायुसेनेचा तळ आहे. गावावर ड्रोन दिसला तर परवानगी दाखव म्हणून विचारायला कोणी कचरू नये. आणि स्मारक बघायचा हक्क असला तरी मधलं खासगी वावर तुडवायचा हक्क त्यातून कोणाला मिळत नाही.

दोन दिवसांची सहल कशी बसते?

पाहुणा आला आणि विचारलं, तर सांगता येईल असा हा हिशेब आहे. पहिला दिवस पश्चिमेचा. सकाळच्या उजेडात जुनापाणी. ऊन चढलं की नागपूरला अजब बंगला, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी ते बंद असतं. जुन्या काळच्या वस्तू डोळ्यांनी बघितल्या की गोट्यांचा अर्थ जास्त कळतो. संध्याकाळच्या उजेडात माहुरझरी.

दुसरा दिवस उत्तर-पूर्वेचा. सकाळी नायकुंड, मग मनसरचं उत्खनन, नगरधनचा किल्ला आणि संध्याकाळी रामटेकचा गड. गडावर केवल नरसिंहाच्या मंदिरात वाकाटकांच्या काळातला शिलालेख आहे. नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन, आणि तिथल्या अलीकडच्या खोदकामात प्रभावतीगुप्त राणीच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. दोन दिवसांत माणूस लोखंडाच्या भट्टीपासून राणीच्या कारभारापर्यंत येतो. सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात आहे. तो सामान्य लोकांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा ठरावीक दिवशीच बघायला मिळतो, म्हणून त्याच्या भरवशावर सहल आखू नये.

गावाला यातून काय मिळेल?

खरं सांगायचं तर फार मोठा पैसा नाही. बहुतेक वर्तुळांवर तिकीट खिडकी नाही, येणारा गाडीत डबा घेऊन येतो. समजा हिवाळ्यात एका रविवारी दहा गाड्या आल्या आणि प्रत्येकीकडून ५० रुपये पार्किंग घेतलं, तर ५०० रुपये झाले. त्यात गाव श्रीमंत होत नाही. पण तेवढ्यात एका माणसाची राखणीची मजुरी निघते, कचऱ्याचं पोतं उचललं जातं आणि गाड्या वावरात न शिरता शाळेच्या किंवा देवळाच्या मैदानावर थांबतात. गावातल्या दोन-तीन पोट्ट्यांनी माहिती नीट शिकून घेतली, तर वाट दाखवण्याचे दोन पैसे त्यांना मिळतील. कोणी झुणका-भाकर, कोणी हुरडा, कोणी बगीच्यातली संत्री विकेल. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आहे, ज्याला जमेल त्याने त्यात नोंदणी करावी.

तरी हा जोडधंदाच राहील. तो एवढ्यासाठीच मोलाचा, की गोटे राहिले तर चार पैसे येतात हे गावाला दिसलं, तर मुरमाच्या ट्रिपा मोजणाऱ्यालाही गाव अडवायला लागतं.

कारण खरा धोका फोटोवाल्यांकडून नाहीच. त्यांनी नेली तर सावली नेली. गोटे जातात ते जेसीबीने. शहराची हद्द वाढते तसे लेआउट पडतात. एमआयडीसी, रस्ते, मुरमाच्या खदानी, वावराचं सपाटीकरण, हे सगळं त्याच जमिनीवर येतं. मुरमाड, उंचवट्याची, पिकाला हलकी जमीन हीच वर्तुळांची जागा, आणि तीच मुरूमवाल्याच्या पसंतीची. पांदण रस्त्याच्या कामात भरावासाठी जवळचाच ढीग उचलला जातो. उचलणाऱ्याला माहीतही नसतं की हा ढीग कोणी आणि कशासाठी रचला होता.

इंग्लंडातल्या एका गावाचा धडा

असे दगडांचे गोल जगात इतरत्रही आहेत. इंग्लंडातलं स्टोनहेंज सगळ्यांनी फोटोत बघितलं आहे. तिथे रोजच्या येणाऱ्याला दगडांच्या मधे जाऊ देत नाहीत, बाहेरून वाटेने फिरवतात, आणि गाड्या दोन किलोमीटर लांब थांबतात. पण आपल्यासाठी त्याच भागातलं एव्हबरी हे गाव जास्त उपयोगाचं आहे. तिथे दगडांचा गोल एवढा मोठा आहे की गावाचा काही भाग त्याच्या आतच वसला आहे. गोलात मेंढ्या चरतात, माणसं फिरतात.

त्या गावानेही एकेकाळी आपले दगड फोडले. घरं बांधायला, वावर मोकळं करायला. ते चालू असतानाच, १७२० च्या आगेमागे, विल्यम स्टकली नावाचा माणूस तिथे वारंवार गेला आणि कोणता दगड कुठे उभा आहे याची चित्रं आणि नकाशे काढत राहिला. तो दगड फोडणं थांबवू शकला नाही. पण दोनशे वर्षांनी, १९३० च्या दशकात, अलेक्झांडर केलर यांनी आडवे पडलेले, पुरलेले दगड पुन्हा उभे केले आणि गेलेल्या दगडांच्या जागी सिमेंटच्या खुणा लावल्या, तेव्हा ती जुनी नोंद कामी आली. कागदावर जे उतरलं होतं त्याचा माग लागला.

स्टकलीकडे कॅमेरा नव्हता. आपल्याकडे घरटी एक आहे.

मोबाइल हातात आहे, मग नोंद का नाही?

जैवविविधतेच्या कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही केली जाते. झाडं, पक्षी, वनस्पती लिहिल्या जातात. तशीच गोट्यांच्या गोलांची एक नोंदवही ग्रामसभेच्या ठरावाने ठेवता येईल. त्याला वेगळा निधी लागत नाही. शाळेचे एक गुरुजी, चार पोरं, एक टेप आणि दोन मोबाइल पुरतात.

काम असं करावं. मोबाइलमधलं लोकेशन चालू ठेवून फोटो काढावेत, म्हणजे जागा आणि तारीख फोटोसोबतच नोंदली जाते. प्रत्येक गोलाचे चारही दिशांनी चार फोटो, मग एकेका गोट्याचा वेगळा. गोट्याशेजारी टेप किंवा फूटपट्टी ठेवावी, नुसत्या फोटोत आकार कळत नाही. गोलाची रुंदी मोजावी, गोटे मोजावेत आणि वहीत उत्तर दिशा दाखवून हाताने नकाशा काढावा. खळगे असलेल्या गोट्याला नकाशात खूण करावी आणि त्याचा फोटो सकाळी किंवा संध्याकाळीच घ्यावा. गट नंबर आणि मालकाची संमती लिहावी.

काय करू नये तेही तेवढंच महत्त्वाचं. खळगे दिसावेत म्हणून खडू, तेल, चुना, हळद-कुंकू लावू नये. गोटा हलवू नये, आत उकरू नये, सापडलेलं भांड्याचं खापर खिशात घालू नये. आणि जी जागा संरक्षित नाही, राखणीला कोणी नाही, तिचं नेमकं लोकेशन फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकू नये. फोटोवाल्याच्या आधी तिथे गुप्तधनवाला पोचतो. फोटोच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात, एक ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत. मोबाइल हरवला की सगळं गेलं असं होऊ नये. एक प्रत अर्जासोबत पुरातत्त्व कार्यालयाला देऊन पोच घ्यावी.

येणाऱ्या कॅमेरेवाल्यांकडूनही हेच मागावं. त्यांचा कॅमेरा चांगला, हात बसलेला. वाट दाखवली, चहा पाजला, तर बदल्यात काढलेल्या फोटोंची एक प्रत गावाच्या वहीसाठी द्या, एवढं म्हणायला हरकत नाही. बहुतेक जण आनंदाने देतील. पाच-दहा वर्षांत त्याच गोलाचे वेगवेगळ्या सालचे फोटो जमा होतील, आणि कोणता गोटा कधी गेला हे सांगता येईल. उद्या मुरमाच्या परवानगीवर, लेआउटवर किंवा रस्त्याच्या कामावर तहसीलमध्ये हरकत घ्यायची वेळ आली, तर "तिथे गोटे होते हो" या तोंडी सांगण्याला कोणी विचारत नाही. तारखेचा फोटो आणि ठरावाची प्रत जोडली तर उत्तर द्यावं लागतं.

या नोंदीसाठी सगळ्यात चांगला वेळ मार्च-एप्रिलचा आहे. वावरं मोकळी होतात, गवत वाळून बसतं, गोटे उघडे पडतात. फोटोवाल्यांना ऊन लागतं म्हणून ते तेव्हा येत नाहीत, गावाला सकाळचा थंड वेळ पुरतो. मग उन्हाळवाही सुरू होते, ट्रॅक्टर फिरतो, जेसीबी भाड्याने सुटतो. त्याच्या आत, पहिल्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर एका महिन्यात एका गावाचं काम आटोपू शकतं.